वर तोंड करून बसवलेला एल्बो

होडीच्या इंजिनाला एक एल्बो असतो. कोपरात वाकवलेल्या हातासारखा, बिडाचा, जड. इंजिनातला तापलेला धूर त्यातून बाहेर जातो आणि इंजिन थंड करून आलेलं पाणी तिथेच येऊन धुरात मिसळतं. मग दोन्ही मिळून रबरी नळीतून होडीच्या मागे बाहेर पडतात. पाणी मिसळलं नाही तर तेवढ्या तापलेल्या धुराने रबर जळून जाईल. होडी चालू असताना मागून पाणी थुंकल्यासारखं बाहेर पडत असतं, ते हेच. ते पडतंय तोवर इंजिन ठीक आहे असं समजायचं.

दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की मी हा एल्बो उतरवते. आतली काजळी दगडासारखी घट्ट बसलेली असते. ती रात्रभर डिझेलमध्ये भिजवायची, सकाळी जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडायची, पाण्याचं भोक तारेने मोकळं करायचं, हातोडीने बारीक ठोकून बिड कुठे पातळ झालंय का ते ऐकायचं आणि नवं गॅस्केट टाकून परत बसवायचा. बोल्ट आवळण्याआधी ग्रीस लावायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ते रडवत नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कपडे मात्र टाकून द्यावे लागतात.

मी मेकॅनिक नाही. माझी भाताची गिरणी आहे, तिच्या इंजिनाशी झटापट करता करता पान्हा हातात बसला. आमचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या अलीकडच्या काठाला. गावातल्या बऱ्याच जणांची खाचरं मात्र पलीकडे. आमच्या बचत गटाला एका योजनेतून होडी मिळाली, तेव्हा ती चालवायची कोणी यावर बायकांनी चर्चासुद्धा केली नाही. "अक्काला इंजिनातलं कळतं," एवढं म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. होडी नवी होती. इंजिन जुनं होतं, समुद्रावर बरीच वर्षं काढून आलेलं. खारं पाणी त्याच्या अंगात आधीच मुरलेलं होतं. आमच्या गोड्या पाण्यावर ते चाललं, पण एल्बो आतून कुरतडला गेला होता, आणि दर उन्हाळ्यात तो मला जरा जास्त पातळ लागायचा.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या उन्हाळ्यात हातोडीचा आवाजच बदलला. मी नवा एल्बो मागवायचं ठरवलं. माझे मालक नगरला एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांना फोटो पाठवला, मापं पाठवली. ते शनिवारी सुट्टी झाल्यावर दुकानं फिरले आणि तिथूनच फोन केला.

"अगं, दुकानदार हसतोय मला."

"हसू दे. आहे का विचारा."

"तो म्हणतो, साहेब, नगरला लष्कर आहे, शोधलं तर रणगाड्याचा पार्ट मिळेल. होडीचा कुठून आणू? समुद्र कुठाय इकडं?"

"मग कुठे मिळेल?"

"कोकणात म्हणतो. नाहीतर मुंबईला."

कोकणातल्या एका दुकानाचा नंबर मिळाला. माणूस गोड बोलायचा. "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की." मे संपला, जून संपत आला, त्याचा पुढचा आठवडा काही आला नाही. मी दर सोमवारी फोन करायची. शेवटी शेवटी तो फोन उचलल्याबरोबर "निघालाय ताई" म्हणायला लागला. मी काय विचारणार आहे हे ऐकायचीही त्याला गरज वाटेना. यापलीकडे मी काय करू शकत होते, ते मला आजही सुचत नाही.

पाऊस लागला आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. आमच्याकडे आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात भात लावायचा, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. पाळी ठरलेली असते आणि ती चुकवायची नसते, कारण प्रत्येकीचं रोप दाढेत, म्हणजे रोपाच्या वाफ्यात, वाढत असतं आणि रोप थांबत नाही. जुनं झालेलं रोप लावलं तर त्याला फुटवे येत नाहीत, नुसती काडी उभी राहते.

त्या वर्षीच्या सावडीत माझी धाकटी जाऊ पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने उतरली होती. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, दोन वर्षांपूर्वी गेला. पलीकडच्या काठाची पाच खाचरं तिच्या वाट्याची. आदल्या वर्षी ती माझ्या मधल्या दिरांनी अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर कसली. यंदाही तेच होणार असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पण अक्षय तृतीयेला सगळे जेवायला बसले असताना, वाढता वाढता, पदर डोक्यावर नीट घेऊन ती म्हणाली, "यंदा माझी मी करीन."

मधले भाऊजी वाईट माणूस नाहीत. ट्रॅक्टर आहे, चार ठिकाणी कामं घेतात, कोणाच्याही अडीअडचणीला आधी हजर. ते एवढंच म्हणाले, "कर की. पण आवणी न्हाई निभली, तर पुढच्या साली मला म्हनू नको, की भाऊजी तुमी बघा. मी बघनारच." सगळे हसले. तीही हसली. पण त्या हसण्यात एक अट घातली गेली होती, आणि ती आम्हा सगळ्यांनाच समजली होती.

तिने जीव तोडून काम केलं. स्वतःची पाळी शेवटी घेतली, कारण तिचं खाचर सर्वांत लांब. तोपर्यंत सगळ्या बायकांच्या खाचरात ती लावत राहिली. तिचा माहेरचा भाऊ डोंगरावरून बैल घेऊन पलीकडे उतरला, चिखलणी करून दिली आणि स्वतःची आवणी खोळंबली होती म्हणून परत गेला. ती खोपीत मुक्कामाला राहिली. दाढही तिथेच, खाचराच्या वरच्या अंगाला होती. आता फक्त आम्ही बायकांनी जाऊन लावायचं राहिलं होतं.

तेव्हाच इंजिन काळं धुरायला लागलं.

आधी थोडं, मग भसाभस. वेग निम्म्यावर आला. मागून पडणारं पाणी बोटभर धारेवर आलं. होडीत बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून माझी टर उडवत होत्या.

"अक्का, भाकरी करपली जनू."

"भाकरी न्हाई गं, चूलच पेटलीय. अक्का, होडी हाय का वीटभट्टी?"

मी काठाला लावून एल्बो उतरवायला घेतला. बोल्ट निघाले आणि त्यांच्याबरोबर एल्बोचाही एक तुकडा निघाला. मग दुसरा. बाहेरून लोखंड दिसत होतं, आत नुसता गंज आणि काजळी. माझ्या मांडीवर त्याचं खापर झालं. मूळचा बाक कसा होता, हे दाखवायलासुद्धा अख्खा भाग उरला नाही.

कोकणातल्या माणसाला फोन केला. "निघालाय ताई."

भाऊजींना कळलं तेव्हा ते भिजत मोटारसायकलवर आले. तुकडे पोत्यात भरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमी काळजी करू नका. पाइपच हाय ना? वेल्डरकडून करून आनतो. धाकलीची आवणी माझ्यामुळं राहिली असं कुनी म्हनाय नको." मीही बरोबर गेले. बाजारच्या गावातल्या वेल्डरने तुकडे उलटेसुलटे करून पाहिले. बोल्टांच्या भोकांचा चौकोनी तुकडा शाबूत होता, त्यावरून मापं त्याने बरोबर घेतली. पाण्याच्या नळीसाठी तोटी काढायची हेही मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "तोंड कुठं ठेवू?"

भाऊजी लगेच म्हणाले, "वर. सायलेन्सरचं तोंड वरच असतंय."

आमच्या भागात हे विचारायचीही गरज नसते. ट्रॅक्टरचा सायलेन्सर वर, विहिरीवरच्या इंजिनाचा वर, गिरणीचा तर छपरातून वर. धूर वर जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. वेल्डरने मान डोलावली, मीही डोलावली. जुन्याचं तोंड कुठे होतं, हे दर वर्षी तो हाताने बसवणाऱ्या मलाही तेव्हा आठवलं नाही. जाड पाइप घेतला, छान बाक दिला, तोंड वर काढलं, तोटी बसवली. पुढे रबरी नळी त्या तोंडाला लावून वळवून मागे न्यायची. काम इतकं सफाईचं झालं होतं की भाऊजींनी त्याला चहा पाजला.

संध्याकाळी बसवला. इंजिन एका दमात चालू झालं. धूर पांढरट, थोडासा. मागे पाणी भरभरून पडत होतं. काठाकाठाने एक फेरी मारली, वेग पहिल्यासारखा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी म्हणाले, "आता तुमच्या त्या कोकनातल्या मानसाला सांगा, ऱ्हाऊ दे तुझा."

मी इंजिन बंद केलं, होडी बांधली आणि जावेला फोन लावला. पलीकडे एकाच खडकावर रेंज येते, ती संध्याकाळी त्या खडकावर येऊन थांबायची.

"झाली का होडी, अक्का?"

"झाली. उद्या उजाडलं की निघतो."

"मग मी रोप उपटू का आत्ता? सकाळी तुमाला मुठी हाताशी लागतील. दिवसात उरकंल."

"उपट."

"सगळं?"

"सगळं उपट."

सकाळी सगळ्या जमल्या. प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेतलेल्या, डबे बांधलेल्या. मी किल्ली फिरवली. टक्. एवढाच आवाज. मला वाटलं बॅटरी उतरली. परत फिरवली. टक्. भाऊजी काठावर होते. ते म्हणाले, "भिजलं असंल. जरा जोर द्या." तिसऱ्या वेळी मी किल्ली धरून ठेवली. आतून काहीतरी मोडल्यासारखा दबका आवाज आला. मग काहीच नाही.

मी इंजेक्टर खोलले. तेवढं मला येतं. दुसरा खोलून इंजिन हाताने फिरवलं तशी त्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि माझ्या तोंडावर बसली. त्या एका चिळकांडीत सगळं कळलं. इंजिन चालू असताना धुराचा जोर पाणी वर ढकलत होता. मी काल संध्याकाळी ते बंद केलं, जोर थांबला आणि वरच्या नळीतलं सगळं पाणी उतारावरून परत इंजिनात आलं. रात्रभर ते सिलिंडरमध्ये भरून राहिलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. होडीचा एल्बो खाली तोंड करून असतो तो एवढ्यासाठी. पाण्याने नेहमी बाहेरच जायला पाहिजे. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरात पाणी नसतं, म्हणून त्याला हा प्रश्नच पडत नाही.

पाणी काढून, तेल ओतून इंजिन चालू केलं. चालू झालं, पण आत ठोके पडत होते. पिस्टनचा रॉड वाकला होता. मी बंद केलं.

"मग आता?" एकीने विचारलं.

वल्ह्याची एक होडी गावात आहे. वारा सुटला होता, त्यात ती काढायला कोणी तयार होईना, आणि ते बरोबरच होतं. रस्त्याने वळसा घालून जाता येतं. भाऊजी लगेच जीप घेऊन बघायला गेले, तासाभरात परतले. मधल्या ओढ्याने फरशीचा पूल बुडवला होता, माणसं अलीकडेच थांबली होती. फोन लावला तर जावेचा लागेना. खडकावर यायची तिची वेळ संध्याकाळची.

आणि समोर ती दिसत होती. पाऊस उघडला की पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. हिरव्या उतारावर तिची पाच खाचरं पाण्याने चकाकत होती आणि बांधावर निळा कागद पांघरलेला एक ठिपका उभा होता. ती आमच्याकडेच बघत असणार. आम्ही इतक्या जणी काठावर, तेव्हा आम्हीही तिला दिसत असणार. एकीने पदर हलवून दाखवला. पण पदर हलवून काय कळवणार? येतोय असं, की येत नाही असं? मी तिला म्हटलं, हलवू नको.

ठिपका बराच वेळ उभा होता. मग वाकला. ती एकटीच लावायला लागली.

बायका माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी ज्यांचं उरलंसुरलं लावायचं होतं, त्यांचं रोपही तयार होतं. दिवस फुकट घालवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. मीच म्हटलं, "चला, तुमच्याकडे लावून घेऊ." सावडीत मीही होते, मलाही जावं लागलं. ते खाचर नेमकं पाण्याच्या अंगाला होतं. कंबर सरळ करायला उभं राहिलं की समोर निळा ठिपका दिसायचा. कधी तो वाकलेला असायचा, कधी बांधावर मुठी आणायला गेलेला. मी उभं राहणं कमी केलं. कंबर दुखली तरी वाकूनच राहिले.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"अक्का, इंजिन काय म्हनलं?"

मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "रोप समदं उपटलंय."

"माहितीय."

"उद्या?"

"उद्या नाही व्हायचं."

"बरं. मी लावते जेवढं होतंय तेवढं."

दोन खाचरं तिने एकटीने लावली. ओढा उतरल्यावर भाऊजींनी जीप काढली आणि आम्ही चार-पाच जणी वळसा घालून पोचलो, तेव्हा बाकीच्या मुठी पिवळ्या पडून चिखलात आडव्या झाल्या होत्या. तरी आम्ही लावल्या. लावताना सगळ्यांना कळत होतं की काही उपयोग नाही. कोणी गाणं म्हटलं नाही. जाऊ बांधावर बसून पिवळ्यातली त्यातल्या त्यात हिरवी काडी निवडून आमच्या हातात देत होती. भाऊजी खाली मान घालून लावत होते. सगळ्यात जास्त त्यांनीच लावलं.

त्या तीन खाचरांत भात आलं नाही. पुढच्या वर्षी कोणी विषयही काढला नाही आणि ती तिन्ही भाऊजींकडे गेली. वाटा ते चोख देतात, पोतं भरून आणून तिच्या ओसरीवर ठेवतात. दोन तिच्याकडे राहिली. तिला मी एकदा म्हटलं, की परत माग, होडी आता ठीक आहे. ती म्हणाली, "कशाला? त्यांनी सांगितलं हुतं की आधीच." भाऊजींनाही एकदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, ती म्हनली तर देतो की." ती म्हणत नाही. मी दोघांच्या मध्ये उभी राहून काही होत नाही, हे मला समजलं आहे.

कोकणातला एल्बो गणपतीत आला. खोकं उघडलं तर तोंड खाली वळलेलं. संगमनेरला रॉड बदलून घेतला, एल्बो बसवला, तो अजून चालतोय. वेल्डरने केलेला भाऊजींनी त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाला लावला. तिथे तो वर तोंड करून उत्तम चालतो.

आवणीला जाऊ माझ्या होडीत असते. सावडीत आता तिची पाळी लवकर येते, दोन खाचरांना वेळ लागत नाही, जेवायच्या आत उरकतं. होडीत ती कधी पुढे बसत नाही. शेवटच्या फळीवर, धुराच्या नळीजवळ बसते, तिथे धूर लागतो म्हणून बाकीच्या बसत नाहीत. होडी सुटली की ती कडेवरून वाकते आणि मागून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरते. पाणी कोमट असतं. पलीकडचा काठ येईपर्यंत ती हात काढत नाही.

"पडतंय का गं?" मी पुढून विचारते.

"पडतंय, अक्का."